दर्यावरचा शेजारधर्म

गावात कोणाच्या गोठ्याला आग लागली, तर हाकेसरशी माणसे धावतात. त्या घराशी बांधावरून भांडण असले, तरी हातातली घागर कोणी खाली ठेवत नाही. याला आपण शेजारधर्म म्हणतो. पण मित्रहो, जिथे शेकडो मैल घर नाही की दार नाही, अशा भर समुद्रात एकट्या माणसाची होडी मोडली, तर त्याचा शेजारी कोण? दर्यावर्दी लोकांचे उत्तर ठरलेले आहे : जो त्यातल्या त्यात जवळ असेल तो. मग तो शंभर मैलांवर का असेना!

हे उत्तर प्रत्यक्षात कसे पाळले जाते ते पहा. आपल्या नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ साली 'गोल्डन ग्लोब' नावाच्या शर्यतीत उतरले होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शिडाच्या होडीने एकट्यानेच निघायचे आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परत यायचे, अशी ही शर्यत. अभिलाष यांची 'थुरिया' ही होडी गोव्यात बांधलेली होती. जिच्यावरून ती बेतली, ती 'सुहैली' होडी मुंबईत बांधलेली. याच सुहैलीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ साली जगातली अशी पहिली प्रदक्षिणा पुरी केली होती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटली. डोलकाठी मोडली. अभिलाष यांच्या पाठीला असा मार बसला की, जागचे उठवेना. ऑस्ट्रेलियातले पर्थ बंदर तेथून सुमारे १९०० सागरी मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर दूर! त्यांनी उपग्रहामार्फत निरोप धाडला आणि ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली. भारताचे टेहळणी विमान मॉरिशसहून उडाले. मासेमारीवर देखरेख ठेवणारे 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज त्या दिशेने निघाले.

आणखी एक माणूस निघाला होता. आयर्लंडचा स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन. त्याच वादळात त्याच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. तरीही त्याने हाताशी उरलेल्या सामानातून कसेबसे शीड उभारले आणि अभिलाष यांच्या रोखाने होडी हाकली. २४ सप्टेंबरला ओसिरिसने अभिलाष यांना उचलले आणि पुढे त्याच दिवशी मॅकगकिनलाही घेतले. पुढे आपल्या नौदलाच्या 'सातपुडा' या युद्धनौकेने अभिलाष यांना मायदेशी आणले.

आता तुम्ही विचाराल, हे सारे केवळ चांगुलपणावर चालते काय? नाही. त्याला कायद्याची जोड आहे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा सागरी सुरक्षेचे नियम सर्व देशांनी मिळून ठरवण्याची निकड पटली. १९१४ साली तसा पहिला करार झाला. आज संकटाची हाक ऐकणाऱ्या कप्तानाने शक्य असेल तर मदतीला गेलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. यंत्राचीही जोड आहे. संकटसूचक यंत्र पाण्यात पडले की आपोआप सुरू होते, त्याचा संदेश उपग्रह टिपतो, आणि बचाव केंद्र सर्वांत जवळच्या जहाजाला गाठते.

तथापि, कायदा जहाज वळवू शकेल. रात्रभर सुकाणू धरून बसण्याची जिद्द तो कोठून आणणार? याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, फिनलंडचे टापिओ लेहतिनेन यांची होडी काही मिनिटांत बुडाली. ते तराफ्यावर तरंगत राहिले. जवळच्या स्पर्धक होत्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. त्यांनी शर्यत बाजूला ठेवली, रात्रभर होडी हाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेहतिनेन यांना आपल्या होडीवर घेऊन मग 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केले. मदतीसाठी वळण्याचा निरोप आणखी एका होडीलाही गेला होता. ती होती अभिलाष टॉमी यांची! चार वर्षांपूर्वी ज्यांची वाट पाहिली गेली, तेच आता दुसऱ्याच्या वाटेवर होते. या मदतीत गेलेला वेळ कर्स्टन यांना हिशेबात भरून मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये त्या पहिल्या आल्या, आणि अभिलाष दुसरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात पृथ्वीचा गोल असेल, तर मुलांना पर्थ आणि मॉरिशस दाखवा आणि मधले पाणी बोटाने मोजायला सांगा. एवढ्या पाण्यातून एका माणसासाठी किती देशांची माणसे निघाली, हेही सांगा. आणि किनाऱ्यावरच्या मंडळींनी एक आकडा पाठ करून ठेवावा : १५५४. हा आपल्या तटरक्षक दलाचा संकटकाळचा दूरध्वनी क्रमांक. होडी दिसेनाशी झाली, कोणी वेळेवर परतला नाही, तर उद्यापर्यंत थांबू नका. लगेच कळवा. भर समुद्रात असलेल्या एखाद्या जहाजापर्यंत ती हाक तुमच्यामुळेच पोचेल.