आधी पान, मग फुलपाखरू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा आणि फुलपाखरे म्हटले की कास पठार डोळ्यांपुढे येते. पण अळ्या वाढवून त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या छंदाशी साताऱ्याचे एक जुने नाते आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म 1851 साली साताऱ्यात झाला. मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी करता करता ते निसर्गाचे अभ्यासक झाले. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही त्याच आठांतले. पुढे कारवार भागात जे. डेव्हिडसन आणि टी. आर. बेल यांच्यासोबत एटकेन यांनी रानातल्या अळ्या आणून वाढवल्या. कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते, तिचा कोश कसा दिसतो, हे त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये 1890 च्या दशकात लिहून ठेवले. आपल्याकडच्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची माहिती अशाच निरीक्षणांतून जमत गेली आहे.

आज सातारा-सांगलीत कुणालाही हे करता येईल. कढीपत्त्याची एक कुंडी किंवा बांधावरचे रुईचे झुडूप एवढे भांडवल पुरते. आड येतात ते गैरसमज. त्यांच्यापायी काही अळ्या भीतीने चिरडल्या जातात, तर काही प्रेमाने वाढवताना मरतात.

गैरसमज 1 : अळी अंगावर गेली की खाज सुटते.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला घोळक्याने चिकटून बसणारे केसाळ सुरवंट खाज आणतात, हे खरे. पण ते पतंगाचे सुरवंट. कढीपत्ता, लिंबू, रुई, बहावा यांवरच्या फुलपाखरांच्या अळ्यांना असे खाजरे केस नसतात. लिंबावरची अळी डिवचली तर डोक्यामागून लालसर दुभंगलेली दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र आंबूस वास येतो. ती शिंगे मऊ असतात, टोचत नाहीत. मुंग्या आणि इतर शत्रूंना दूर ठेवण्यासाठी असलेली ती गंधग्रंथी आहे. तरी अळीला बोटांनी उचलू नये, कारण चिमटीत ती सहज दुखावते. तिच्यासमोर पान धरावे, ती आपणहून चढते. ओळख पटली नसेल तर केसाळ अळीला हात लावू नये.

गैरसमज 2 : बागेत फुले लावली की फुलपाखरांची सोय झाली.

वस्तुस्थिती : फुलांतला मध मोठ्या फुलपाखराच्या पोटासाठी. त्याची पुढची पिढी पानावर वाढते, तीही ठरावीक पानावरच. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते पारखते आणि मग अंडे घालते. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय व कॉमन मॉरमॉन येतात. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळसर एमिग्रंट, कण्हेरीवर कॉमन क्रो, सीताफळ आणि उंच खोट्या अशोकावर टेल्ड जे. पानफुटीच्या जाड पानात शिरून आतला गर खाणारी अळी रेड पिएरोची. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. लिंबावरची अळी भुकेने मरेल, पण रुईचे पान खाणार नाही. म्हणून अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पाने तिला शेवटपर्यंत मिळतील याची खात्री करूनच तिला घरी आणावे.

गैरसमज 3 : बाजारातला कढीपत्ता स्वच्छ धुऊन दिला तर चालतो.

वस्तुस्थिती : घरी वाढवलेल्या अळ्या मरण्याचे हे एक मोठे कारण. आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत मुरलेले असते, ते धुऊन जात नाही. तासगाव-मिरजेकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. वाऱ्याने त्या फवाऱ्याचा अंश बांधावरच्या लिंबा-कढीपत्त्यावरही येतो. ‘जैविक’ म्हणून विकले जाणारे बीटीचे औषध तर खास अळ्या मारण्यासाठीच असते, आणि निंबोळी अर्कही अळीला मानवत नाही. पाने घरच्या, कधीच न फवारलेल्या कुंडीतली असावीत. रोपवाटिकेतून नवे रोप आणले असेल तर त्याची जुनी पाने अळीला देऊ नयेत. नवी पालवी भरपूर फुटेपर्यंत थांबावे.

गैरसमज 4 : रुई विषारी, म्हणून तिच्यावरची अळीही घातक.

वस्तुस्थिती : शनिवारी मारुतीला वाहायला रुईची पाने खुडताना पानाखाली काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिच्या पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. ही प्लेन टायगरची अळी. रुईच्या चिकातली कडू विषारी द्रव्ये ती बऱ्याचदा शरीरात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिला व पुढे तिच्या फुलपाखरालाही टाळतात. ती हातावर चालली तर काही होत नाही. खरा धोका चिकाचा. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते. पाने मोठ्यांनी तोडावीत आणि लगेच साबणाने हात धुवावेत. अळी स्वतःसुद्धा चिकापासून जपते. पान खाण्याआधी ती देठाजवळची शीर कुरतडून चीक गळू देते आणि मग पुढचे पान खाते. भिंगातून हे पाहण्यासारखे असते.

माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत उन्हाळ्यातही रुई हिरवी असते. तिथे नवशिक्याने सुरुवात याच फुलपाखरापासून करावी.

गैरसमज 5 : झाकणाला भोके पाडलेली बरणी आणि पाण्याची वाटी दिली की झाले.

वस्तुस्थिती : बंद बरणीत ओल साचते, लेंड्यांवर बुरशी धरते आणि रोग पसरतो. अळीला पाणी लागते ते पानातूनच मिळते, उघड्या वाटीत ती बुडून मरते. जेवणावर झाकायची जाळी हे उत्तम घर. खाली वर्तमानपत्र घालून ते रोज बदलावे. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचावी आणि बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे. मुंग्या लागू नयेत म्हणून सगळे पाणी घातलेल्या ताटात, विटेवर ठेवावे. जागा सावलीची पण उजेडाची हवी. एका जाळीत चार-पाच अळ्या पुरेत. दाटी झाली की एकीचा रोग सगळ्यांना होतो.

गैरसमज 6 : अळीने खाणे सोडले म्हणजे ती आजारी पडली.

वस्तुस्थिती : मोठी होईपर्यंत अळी साधारण चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी आधी काही तास, कधी दिवसभर, ती एका जागी निश्चल बसते. तिने पायाखाली रेशमाची बारीक गादी विणलेली असते आणि त्या आधारावर ती जुन्या कातडीतून बाहेर निघते. या वेळी तिला पानावरून ओढून काढले तर ती मरते. लाइम बटरफ्लायची अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. रंग बदलला म्हणून घाबरू नये.

कोशात जाण्यापूर्वी ती पुन्हा खाणे थांबवते, एकदा पातळ विष्ठा टाकते आणि जाळीभर फिरत सुटते. ती कोशासाठी जागा शोधत असते. तेव्हा आत दोन-चार वाळक्या काड्या उभ्या ठेवाव्यात.

गैरसमज 7 : अळीच्या अंगावर पांढरे दाणे आले, म्हणजे तिने अंडी घातली.

वस्तुस्थिती : अळी अंडी घालूच शकत नाही, ते काम पूर्ण वाढ झालेल्या मादीचे. तांदळाच्या कणीएवढे ते पांढरे दाणे एका चिमुकल्या गांधीलमाशीचे कोश असतात. तिने अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. पिल्ले आतून अळीला खाऊन वाढतात आणि बाहेर पडून कोश विणतात. अशी अळी वाचत नाही. हिरव्या कोशाला बारीक छिद्र पडून आतून फुलपाखराऐवजी माश्या निघतात, तेही याच तऱ्हेने.

ऊस उत्पादकांना हा प्रकार नवा नाही. खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी उसात जी ट्रायकोकार्डे लावतात, त्यांतली ट्रायकोग्रामा ही अशीच माशी, किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी. रानात फुलपाखरांच्या बहुतेक अंड्या-अळ्या अशा शत्रूंच्या तोंडी जातात आणि त्यामुळेच संख्या ताब्यात राहते. घरी आणलेल्या दोन अळ्या अशा गेल्या तर पालकांनी मुलांना हेही समजावून सांगावे.

गैरसमज 8 : कोशात अळी झोपते. कोश काळा पडला की मेला, आणि कापला की लवकर सुटका.

वस्तुस्थिती : कोशात झोप नसते. अळीचे बरेचसे स्नायू आणि अवयव विरघळतात, आणि तिच्या शरीरात आधीपासून दडलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय, डोळे घडतात. सगळेच पुसले जाते असेही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या 2008 च्या अभ्यासात, मोठ्या अळीला एका वासाची धास्ती बसवली तर पतंग झाल्यावरही तो तो वास टाळत असल्याचे दिसले.

उबदार हवेत लाइम बटरफ्लायचा कोश आठ-दहा दिवसांत पिकतो, थंडीत जास्त दिवस लागतात. शेवटच्या दिवशी कवच पारदर्शक होते आणि आतले पंख दिसू लागतात, म्हणून कोश गडद दिसतो. पंखांची नक्षी ओळखू येत असेल तर तो जिवंत आहे. मऊ पडून वास येत असेल तर गेला.

कोश कापू नये. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओलसर आणि चुरगळलेले असतात. ते उलटे लटकून शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलते. दहा-वीस मिनिटांत पंख पसरतात, कडक व्हायला आणखी दोन-तीन तास जातात. त्याच वेळी सोंडेच्या दोन सुट्या पन्हळी ते एकमेकींत अडकवून एक नळी करत असते. कवचातून घाईने ओढले तर पंख कायमचे दुमडलेले राहतात. लटकायला खडबडीत आधार आणि खाली वीतभर मोकळी जागा हवी. नंतर जो लालसर किंवा तपकिरी थेंब खाली पडतो ते रक्त नव्हे, कोशातला साठलेला मळ आहे.

गैरसमज 9 : पंखांची पूड डोळ्यात गेली की आंधळेपण येते, आणि फुलपाखरू एक दिवसच जगते.

वस्तुस्थिती : ती पूड म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. डोळ्यात गेले तर धुळीसारखे खुपतील, दृष्टी जाणार नाही. थोडे खवले झडले तरी फुलपाखरू उडते, मात्र झडलेले खवले परत येत नाहीत. आपल्या परिसरातली बरीच फुलपाखरे दोन ते चार आठवडे जगतात, काही त्याहून अधिक. पंख सुकले की त्याला त्याच दिवशी, उन्हात, जिथून अळी आणली तिथे सोडावे. पाऊस लागला असेल तर रात्रभर जाळीत ठेवायला हरकत नाही. साखरपाणी पाजण्याची गरज नसते.

गैरसमज 10 : जितकी जास्त फुलपाखरे घरी वाढवू, तितकी निसर्गाला मदत.

वस्तुस्थिती : झाडे उरली नाहीत तर सोडलेली फुलपाखरे अंडी घालणार कुठे? शिवाय पिढ्यान् पिढ्या बंदिस्त वाढवण्याचे धोके आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले की विक्रीसाठी पाळलेल्या मोनार्क फुलपाखरांच्या वंशात दक्षिणेकडे स्थलांतराची दिशा धरण्याची क्षमता हरवली आहे. घरी वाढवण्याचा खरा लाभ पाहणाऱ्याला होतो. एकदा अळीचे फुलपाखरू होताना पाहिलेले मूल कढीपत्त्यावरची अळी चिरडत नाही.

कायद्याचे भान हवेच. कास पठार, कोयना आणि सागरेश्वर अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान येथून अंडे, अळी किंवा पानसुद्धा आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरांचीही नावे आहेत. क्रिमझन रोज आणि घोळीच्या भाजीवर वाढणारे डॅनेड एगफ्लाय ही वर्षानुवर्षे पहिल्या अनुसूचीत होती. 2022 च्या दुरुस्तीने या याद्या नव्याने लावल्या गेल्या. ओळख न पटलेली अळी झाडावरच राहू द्यावी आणि रोज जाऊन पाहावी.

लिंबाच्या शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. रोपवाटिकेत आणि कोवळ्या झाडांवर लाइम बटरफ्लायच्या अळ्या नुकसान करतात. 2004 मध्ये हे फुलपाखरू कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळले, तेव्हा तिथल्या लिंबूवर्गीय बागायतदारांना काळजी वाटली. पण अंगणातले वाढलेले झाड चार अळ्यांनी खाल्लेली पाने सहज भरून काढते.

यंदा मृगाचा पाऊस पडला की कढीपत्त्याचे एक रोप लावा, बहाव्याला जागा द्या, कुंपणाकडेची रुई आणि टाकळा उपटू नका आणि त्यांवर कधीही फवारू नका. जून ते नोव्हेंबर हा आपल्याकडचा भराचा हंगाम असतो. झाडाने बाळसे धरले की मादी त्याला शोधत येईल. अंडे दिसले की घरातल्या मुलांना बोलवा, तारीख लिहून ठेवा आणि पुढचे तीन-चार आठवडे रोज थोडा वेळ त्यांच्यासोबत पाहत बसा.