करड्या छटांचा कारभार

रंगीत इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छायाचित्र नेहमीच्या रंगीत पद्धतीने छापले, तर त्यातील करड्या छटांचा मोठा भाग निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या थेंबांच्या मिश्रणातून घडतो, आणि या मिश्रणाचा तोल किंचित ढळला तरी हिरवट किंवा गुलाबी झाक उमटते. अशी प्रत खिडकीच्या उजेडात एक आणि पिवळ्या दिव्याखाली दुसरीच झाक दाखवू शकते. छपाईच्या व्यवहारात या दोषाला, शास्त्रीयदृष्ट्या थोडे सैलपणे, ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो, की कोणत्या छटेसाठी कोणती शाई किती पडावी, हे कोणी ठरवायचे.

एप्सनने २००५ च्या सुमारास काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन घनतेच्या शाया एकत्र आणल्या व त्यांच्यासोबत ड्रायव्हरमध्येच, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या प्रणालीत, ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ ही सोय दिली. तीत मुख्य काम काळ्या शाया करतात आणि रंगीत शाई उबदार वा थंड झाक देण्यापुरती वापरली जाते. वेगळा खर्च नसलेली ही सोय बहुतेकांना पुरेशी ठरते. मात्र कंपनीने आखलेल्या चौकटीबाहेर तिच्यात फारसे काही करता येत नाही.

ही चौकट मोडण्याची सोय रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’मध्ये आहे. रिप म्हणजे चित्राचे शाईच्या थेंबांत रूपांतर करणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर. मुख्यतः एप्सन प्रिंटरांसाठी असलेल्या या अल्पमोली प्रणालीत प्रत्येक शाईचे प्रमाण सांगणारा आलेख, म्हणजे ‘कर्व्ह’, वापरणाऱ्याला स्वतः घडवता येतो. त्यासाठी आधी कागद किती शाई पेलतो हे ठरवावे लागते. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांची पट्टी छापून, तिची घनता उपकरणाने मोजून, पायऱ्यांमधील अंतर समान दिसेपर्यंत आलेख दुरुस्त करावा लागतो. हे काम किचकट आहे आणि मोजमापाचा कंटाळा असणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेले बरे. परंतु गडद सावल्यांतील तपशील सांभाळायचा असेल, तर हे कष्ट सार्थकी लागतात.

कलरबाइट कंपनीचे ‘इमेजप्रिंट’ हेच कष्ट पैशाने वाचवते: कागदागणिक तयार प्रोफाइल, म्हणजे शाईच्या प्रमाणाची आयती मांडणी, मिळतात, पण किंमत बरीच जास्त असते. जॉन कोन यांच्या ‘पिएझोग्राफी’त तर रंगीत शाया काढून त्यांच्या जागी वेगवेगळ्या घनतेच्या करड्या शाया भरल्या जातात आणि त्यांचे नियंत्रण क्वाडटोन रिपच करते, मात्र असा प्रिंटर मग रंगीत छपाईच्या कामाचा राहत नाही.