घाई नसेल तरच पाहा: 'द वेलिंग'

परवा भाच्याने विचारलं, "मामा, नुसतं दचकवणारा नाही, खरोखर भीती वाटेल असा सिनेमा सांग." मी लगेच 'द वेलिंग' सांगितला.

२०१६ चा कोरियन सिनेमा, दिग्दर्शक ना होंग-जिन. लांबी १५६ मिनिटं.

डोंगरातलं, सतत पाऊस पडणारं गाव. अंगावर विचित्र पुरळ उठलेली माणसं आपल्याच घरच्यांना मारू लागतात. संशय जातो रानात एकट्या राहणाऱ्या एका जपानी माणसावर. तपास करणारा पोलीस जोंग-गू साधा, थोडा भित्रा. मग त्याच्याच लेकीच्या अंगावर तसं पुरळ दिसतं.

सुरुवातीला तर चक्क हसू येतं. कधी थांबतं, कळतही नाही.

मुलीसाठी मांत्रिक बोलावतात, तो प्रसंग नीट बघा. कोरियात या विधीला 'गुत' म्हणतात. ढोल, झांजा, बळी, घामाघूम मांत्रिक. आपल्याकडे जागरण-गोंधळ किंवा अंगात येणं पाहिलेल्याला तो ताल परका वाटणार नाही. इकडे हा विधी, तिकडे जपानी माणसाचा, आळीपाळीने दिसतात. कोण कोणावर वार करतंय, याचा अंदाज बांधत राहा.

जपानी माणसावरच्या संशयाला इतिहासही आहे. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती.

शेवट सगळं उलगडून सांगत नाही. माझ्या मते तीच त्याची ताकद.

रक्तपात बराच आहे, मुलांसोबत पाहू नका. पाहून झाल्यावर सांगा: सिनेमात पांढऱ्या कपड्यांतली एक बाई दिसते, ती तुम्हाला कोण वाटली?