रुसणारा संगणक

श्रोतेहो, उंद्रीसारख्या गावच्या शाळेत उन्हाळ्याची सुटी संपते, गुरुजी कळ दाबतात, आणि संगणक एकदा चालतो, दोनदा रुसतो. पार बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हा लहरी कारभार अधिक फसवा. तेव्हा तो ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी आधी निकालपत्रके पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दुरुस्ती मागाहून.

आता लक्षणे पाहू. घड्याळाची तारीख दर वेळी मागे जाते? मग आतली नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली. तिच्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले असते. पंखा फिरतो, पडदा काळा, आणि पीं-पीं आवाज येतो? बहुधा रॅमची पट्टी सैल झाली. प्लग काढा, पट्टी बाहेर घ्या, तिची सोनेरी कड कोरड्या फडक्याने पुसा, अन् खट् होईस्तोवर बसवा. आपल्याकडे धुळीला काय तोटा!

सकाळी अडतो, पण चार-पाच प्रयत्नांनी चालतो, असे असेल तर संशय वीजपुरवठ्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर. तो डबा मात्र उघडू नका हं. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. सबंध डबाच बदलावा. आणि बदलल्यावर लगेच खूश होऊ नका. आठवडाभर रोज सकाळी यंत्र गार असताना सुरू करून पाहा.