चपला बाहेर काढलेल्या तासापासून

५ सप्टेंबर २०१६. शाळांमध्ये शिक्षक दिनाची भाषणे चालू होती आणि त्याच दिवशी जिओची फुकट फोर-जी सेवा सुरू झाली. आठवी ते दहावीच्या मुलांना फोन जपून कसा वापरावा हे शाळेने किती शिकवले, याचा हिशेब इथून मांडावा लागतो.

त्याआधीची वर्षे झटकन आटोपतात. चपला बाहेर काढून संगणक कक्षात शिरायचे, एका संगणकावर तिघांनी बसायचे, पेंटमध्ये घर काढायचे. पण उठताना बाई बजावत, ‘आधी लॉग आउट करा.’ दहावीच्या गुणपत्रिकेत आयसीटी या संगणकाच्या विषयाला नुसती श्रेणी मिळे. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या राहिलेल्या पोर्शनला जाई. लॉग आउटची ती शिस्तही त्याबरोबर गेली.

मग २०१७ साल, ब्लू व्हेल या जीवघेण्या म्हणवल्या गेलेल्या ऑनलाइन खेळाच्या धास्तीचे. परिपत्रके निघाली, पालकसभा झाल्या, दप्तरे तपासली गेली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले की, या खेळामुळे मृत्यू झाल्याचा पुरावा तपासात मिळालेला नाही. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. फोन म्हणजे गुन्हा, एवढेच मुलांच्या मनात ठसले. खोट्या प्रोफाइलवरून धमकी आली, कुणी फोटोत फेरफार करून पाठवला, तरी मुले गप्प राहत. सांगितले तर पहिल्यांदा फोनच काढून घेतला जाणार!

याच काळात बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. ते दीक्षा ॲपवर उघडायचे. हे ॲपही २०१७ च्या शिक्षक दिनाचेच. कोड स्कॅन करायला वर्गच्या वर्ग शिकले. कोडमागचा पत्ता उघडण्याआधी वाचावा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे त्याच पानावर पाच मिनिटांत सांगता आले असते. ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्या भामट्यांचा सगळा धंदा या एका अज्ञानावर चालतो.

मार्च २०२० नंतर टाळेबंदीत दप्तरे तपासणाऱ्या शाळांनीच फोन हातात घ्यायला लावला. वर्गाची लिंक ग्रुपवरून ग्रुपवर फिरली, अनोळखी माणसे तासात शिरली. एका शाळेने तर मुलांचे आधार क्रमांक चक्क व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवले आणि पालकांनी ते निमूट टाकलेही.

आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची केली आहे. शाळेत मात्र वर्षातून एकदा सायबर जागृतीची शपथ होते, रांगोळी निघते आणि मुलांचे फोटो नाव-इयत्तेसह फेसबुकवर चढतात.

आजीच्या फोनवरचा ओटीपी आज घरोघरी नववीतली नातच वाचून दाखवते. कोणता सांगायचा नाही, हे तिला शिकवणारा तास वेळापत्रकात नाही. कितीतरी शाळांत संगणक कक्षाला कुलूप आहे. ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी तेवढी दारावर राहिली आहे.