नोटीस घेऊन येणारा गणवेश

कोर्टाच्या वऱ्हांड्यात पट्टेवाला दाराशी येऊन पुकारा करतो. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत. बाकावरच्या माना वळतात. दिवाणी दाव्यात याने कुणाचं बिघडत नाही. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात मुलीचं नाव असं घ्यायचं नसतं. तिथे खटल्याचा नंबर आणि आरोपीचं नाव पुरतं. पुढे कलम ३७ नुसार सुनावणी बंद दाराआड चालते आणि माझ्यासारखा बातमीदार बाहेर राहतो.

म्हणून माझं निरीक्षण वऱ्हांड्यातलंच. रायगडच्या किनाऱ्याकडची, श्रीवर्धन-म्हसळ्याची माणसं एसटीने माणगावच्या सत्र न्यायालयात येतात, मुरूड-रेवदंड्याकडची अलिबागला. त्याच एसटीत कधी आरोपीचे नातेवाईकही असतात. आत साक्ष देताना मुलीला आरोपी दिसू नये, वकिलांनी तिला थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारावेत, असं कायदा सांगतो. स्मृती बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायचे आदेश दिले. पण जिना एकच असेल तर आतल्या पडद्याचा उपयोग किती, हे वऱ्हांड्यात बसल्यावर लवकर कळतं.

खरं किचकट काम कागदांचं. निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की पीडितेचं नाव असलेले कागद शक्यतो बंद लिफाफ्यात ठेवा आणि लोकांच्या नजरेला पडू शकेल अशा ठिकाणी नाव काढलेली तशीच प्रत लावा. म्हणजे कारकुनाचं काम दुप्पट. फिर्याद, जबाब, वैद्यकीय अहवाल, शाळेचा दाखला. एखाद्या पानाच्या समासातही आईचं नाव राहून जातं. या कामाचं कौतुक कुठल्या निकालपत्रात होत नाही.

नावं झाकायचा हा कायदा मुळात आला तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ओळख उघड करणं तेव्हा गुन्हा ठरलं. त्या मुलीच्या नावाने मात्र ते प्रकरण आजही कायद्याच्या वर्गात शिकवलं जातं. मी ते नाव इथे लिहीत नाही.

आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ही तरतूद आहे. पोक्सोचं कलम २३ आणखी पुढे जातं: नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, काहीच छापायचं नाही. किनाऱ्यावर यातलं ‘शेजार’ सगळ्यात अवघड. कोळीवाडा किंवा पाखाडी लिहिली की संपलं. छोट्या तालुक्यात ‘नववीतली’ एवढंही पुरतं. आरोपीचं नाव एरवी छापता येतं, पण तो चुलता असेल तर त्याचं आडनाव हेच मुलीचं आडनाव. मग बातमीत आरोपीही बिननावाचा राहतो आणि ‘पैसे खाऊन नाव दाबलं’ असा निरोप मला मिळतो.

पण माझ्या मते नावापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. पीडितांना मिळालेले हक्कच गुपित फोडतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोक्सो प्रकरणात जामिनाच्या सुनावणीआधी पीडित पक्षाला नोटीस मिळालीच पाहिजे यावर बोट ठेवलं. योग्यच. तिच्या नकळत आरोपी गावात परत आला, असं होता कामा नये. पण ती नोटीस पोचवतो कोण? हवालदार. जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये असं पोक्सोचं कलम २४ म्हणतं, पण ते जबाबापुरतं. नोटीस घेऊन गणवेशातला माणूस पाखाडीत शिरला की तो कुणाच्या पडवीत थांबला हे जाळं विणत बसलेल्यांना दिसतंच. जामिनाचा अर्ज खाली फेटाळला की उच्च न्यायालयात जातो, म्हणजे पुन्हा नोटीस. साक्षीचं समन्स वेगळं. पीडितांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी चौकशी लागली तर पुन्हा कुणीतरी दारात.

काही महिला पोलीस यावर आपापल्या परीने तोड काढतात. साध्या कपड्यांत जातात, नाहीतर आईला आरोग्य केंद्रात बोलावून सही घेतात. हे कुठल्या परिपत्रकात वाचून नव्हे, त्याही अशाच गावांतल्या म्हणून. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादी किंवा पीडितेला कळवावं लागतं, आणि ते मोबाइलवरूनही कळवता येतं. गणवेश टळला, असं वाटतं खरं. पण फिर्यादीवरचा नंबर बहुतेकदा घरातल्या पुरुषाचा असतो. आरोपी परका असेल तर ठीक. चुलता असेल तर तो मेसेज त्याच्या सख्ख्या भावाच्या फोनवर येतो, आणि तो फोन रात्री ओटीवर सगळ्यांमध्ये चार्जिंगला लावलेला असतो.