मडक्यावरून मारामारी

पिंजऱ्यात बजरीगरच्या चार जोड्या आणि घरट्यासाठी मडकी तीन, एवढं भांडणाला पुरतं. आणि भांडते ती बहुधा मादीच. विणीच्या दिवसांत तिच्या चोचीवरचा मांसल भाग तपकिरी, खरबरीत होतो. मडक्याच्या तोंडाशी दुसरी मादी फिरकली की ही थेट तिची चोच नाहीतर पाय धरते. नर बिचारे दांडीवर बडबडत बसतात.

चोच म्हणजे मोठं नखच, असा अनेकांचा समज. वरचं कवच नखासारखं केराटिनचं असतं खरं, पण आत हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. टोकाचा टवका उडाला तर कवच वाढून भरून येतं. बुडाशी मोठी इजा झाली, तर चोच कायमची वाकडी वाढू शकते.

बजरीगरचं वजन जेमतेम 30-40 ग्रॅम, अंगात रक्त तीनेक मिलिलिटर. त्यामुळे थेंब थेंब गळणंही गंभीरच. स्वच्छ कापडाच्या घडीने जखम अलगद दाबा, कॉर्नफ्लॉवर लावा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पक्षी धरताना छाती आवळू नका. ती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. हळद-तेल चोपडणं तर नकोच. वेगळ्या पिंजऱ्यात उबेत ठेवून पशुवैद्याकडे न्या, तोवर भिजवलेलं मऊ राळं द्या.

मडकी मात्र जोड्यांपेक्षा जास्त हवीत, आणि एकाच उंचीवर. वरच्या मडक्यावर सगळ्यांचा डोळा असतो. पिल्लं नको असतील तर मडकी काढूनच टाका. तरीही एखादी मादी ऐकेना, तर तिला कायमचा स्वतंत्र पिंजरा.